आता इथे बाळंतपणं होत नाहीत

जन्म आणि मृत्यू जिथे घडला तिथेच त्याची नोंद करायची, असं १९६९चा नोंदणी कायदा सांगतो. घर कुठे, शेत कुणाच्या हद्दीत, कुलदैवत कुठलं, हे तो विचारत नाही. त्यामुळे तळकोकणातल्या लहान गावांच्या दप्तरात मृत्यूची पानं भरत जातात आणि जन्माची कोरी राहतात. म्हातारी माणसं आपल्या घरी, आपल्या पडवीत डोळे मिटतात. मुलं मात्र जन्मतात सावंतवाडीला, कणकवलीला, ओरोसला, नाहीतर बांदा मागे टाकून, पत्रादेवीची हद्द ओलांडून, गोव्यात बांबोळीला. दोडामार्गच्या डोंगराखालचं पोर आयुष्यभर फॉर्म भरताना जन्मस्थळाच्या रकान्यात दुसऱ्या राज्याचं नाव लिहितं. गाव त्याचं असतं, पण गावाने त्याचं पहिलं रडणं ऐकलेलं नसतं.

मला त्या खोलीविषयी लिहायचं आहे जिथे हे रडणं ऐकू यायचं. मोठ्या शहरातल्या प्रसूतिगृहाची ती खोली नव्हे. तालुक्याच्या गावातलं ग्रामीण रुग्णालय, बाजारपेठेच्या टोकाला. त्याच्या मागच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या कुंपणाकडे उघडणारी एक खिडकी. आत रेक्झिन फाटलेलं, पण रोज पुसलेलं लेबर टेबल. भिंतीवर मोठे आकडे असलेलं घड्याळ, कारण जन्मवेळ तिथूनच लिहायची असते आणि पत्रिका करणारे आजोबा मिनिटाचीसुद्धा चौकशी करतात. ट्रेमध्ये नाळ कापायची कात्री, दोन चिमटे, नाळेला बांधायचा दोरा. बाळाला ठेवायचा वॉर्मर. कोपऱ्यातल्या फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिनच्या कुप्या, कारण हे औषध गारव्यातच टिकतं. वार पडल्यावर गर्भाशय आकसलं नाही, तर हीच कुपी बाईचा जीव वाचवते. आणि टेबलावर जाडजूड रजिस्टर. नाव, वय, गाव, कितवी खेप, मुलगा की मुलगी, वजन, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ओळींना एकच शब्द: सुखरूप.

त्या खोलीत रात्रपाळीला जी सिस्टर असायची, तिचं मोल कुठल्याही पगारपत्रकात कळणार नाही. नऊ महिने ती या बायकांना पाहत आलेली असे. कुणाचं रक्त कमी आहे, कुणाचे पाय सुजतात, कुणाचा नवरा मुंबईला आहे, कुणाची सासू तपासणीला सोडत नाही, हे तिला कार्ड न बघता माहीत. कळा सुरू झालेल्या मुलीच्या पोटावर हात ठेवून, घड्याळाकडे बघत ती दोन कळांमधलं अंतर मोजत बसायची. मध्येच पाठ चोळायची, घोटभर पाणी पाजायची. आणि शेवटच्या त्या अवघड अर्ध्या तासात, जेव्हा मुलगी ‘आता जमत नाही’ म्हणून हात सोडून देते, तेव्हा तिच्या कानाशी वाकून म्हणायची, "भियां नको गो बाय, इलां बघ." आपल्या भाषेतली ती हाक ऐकून किती जणींनी पुन्हा जोर लावला असेल!

मी घरच्या बाळंतपणांसाठी गळा काढत नाही, हे इथेच सांगून टाकते. काळोख्या खोलीतल्या बाजेवर काय काय घडलं, हे आपल्या आज्या-पणज्या पुरतं सांगूनही गेल्या नाहीत. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. त्या दुःखाची वाट त्यांना सातासमुद्रापार घेऊन गेली. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच. परत येऊन कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांचा विभाग त्या सांभाळणार होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्यांनी प्राण सोडला आणि तो विभाग त्यांची वाट बघत राहिला. बाईला तिच्या मुलखात, तिच्या भाषेत बोलणारा वैद्य भेटावा, ही आपल्याकडची किती जुनी आणि किती महागात पडलेली इच्छा आहे!

ती इच्छा पुरी होत आलीही होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात चारांतलं जेमतेम एक बाळंतपण दवाखान्यात व्हायचं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात हे प्रमाण जवळपास ९५ टक्क्यांवर पोचलेलं दिसतं. २००५मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०११मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आला, आशाताई दारोदार फिरल्या, बायकांना हाताला धरून घेऊन गेल्या. माता दगावण्याचं प्रमाण खाली आलं. २०१८-२० या काळात ते राज्यात लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतकं होतं. यातली प्रत्येक वाचलेली बाई खरी आहे. पण ‘दवाखान्यात’ या एका शब्दात गावाजवळची खोलीही मावते आणि साठ-सत्तर किलोमीटरवरचा अनोळखी वॉर्डही मावतो. पाहणीला दोन्ही सारखेच. पोटात कळ आलेल्या बाईला ते सारखे नसतात.

ती खोली एका दिवसात बंद होत नाही. तिला कुणी कुलूप लावत नाही, बंद करण्याचा आदेश निघत नाही. आधी भूलतज्ज्ञाची बदली होते आणि जागा रिक्त राहते. भूल देणारं कुणी नाही म्हणजे सिझेरियन नाही. मग स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, अडलं तर मी एकटी काय करू? पहिलटकरीण असेल, रक्तदाब जरा वर असेल, बाळाची मान फिरलेली नसेल, तर धोका नको, पुढे पाठवा. काही दिवसांनी त्याही जातात. उरतात मेडिकल ऑफिसर आणि सिस्टर. दोघांच्याही मनात आता भीती असते, आणि ती भीती खोटी नसते. बाळंतपणानंतर अंगावरून धो धो रक्त जाऊ लागलं तर बाई दोन तासांत हातची जाऊ शकते. रक्तसाठ्याचा फ्रिज नसलेल्या खोलीत हे पाहत उभं राहणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. म्हणून सगळ्याच पुढे पाठवल्या जातात. बाळंतपणांचा आकडा घसरतो. आकडा घसरला म्हणून सिस्टरला प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे नेतात. सराव तुटला की हात विसरतात. आणि मग वरून विचारणा होते की जिथे महिन्याला चार-पाच बाळंतपणंही होत नाहीत, तिथे तज्ज्ञ कशाला द्यायचा?

हा फेरा एकट्या कोकणातला नाही. केंद्राच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सुमारे तीन-चतुर्थांश जागांची तूट होती. म्हणजे पाटीवर ‘प्रसूती विभाग’ आहे, इमारत आहे, टेबल आहे. त्या टेबलापाशी उभं राहणारं माणूस नाही.

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन यांनी १९९४मध्ये तीन विलंब सांगितले होते. घरातून निघायचं ठरवण्यात जाणारा वेळ, पोचण्यात जाणारा वेळ, आणि पोचल्यावर उपचार सुरू होईपर्यंतचा वेळ. आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणांत आजही हे तीन विलंब शिकवतात. लहान रुग्णालयातली खोली निकामी झाली की यातला दुसरा विलंब बाईला दोनदा भोगावा लागतो. ती एकदा पोचलेली असते. आता सगळं नीट होईल म्हणून तिच्या आईने देवाला हातही जोडलेले असतात. तेवढ्यात चिठ्ठी हातात येते, आणि पुन्हा गाडी.

ती गाडी मला नीट दिसते. जुलैची रात्र, पाऊस असा की वायपर थकावेत. १०८ आली तर बरं, नाहीतर कुणाची तरी सुमो. मुलगी कुशीवर, डोकं आईच्या मांडीवर. आशाताई पुढे बसलेल्या, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात फोन, रेंज येते-जाते. तेरेखोलला पाणी चढलं की बांद्याच्या बाजारपेठेत ते शिरतं, हे या वाटेवरच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे, म्हणून ड्रायव्हर आधी फोन करून विचारतो, रस्ता चालू आहे ना? प्रत्येक खड्ड्याला मुलगी आईचं मनगट घट्ट धरते. आई रस्त्याकडे बघत नाही, मुलीच्या चेहऱ्याकडे बघते आणि तोंडाने रवळनाथाचं नाव घेत राहते. कधी कधी बाळ तेवढा वेळ थांबत नाही. गाडी कडेला लागते, मोबाइलचे टॉर्च लागतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, ‘रुग्णवाहिकेत सुखरूप प्रसूती’, आणि आपण डॉक्टर-ड्रायव्हरचं कौतुक करतो. कौतुक रास्तच आहे. पण ती बातमी आनंदाची नाही. एका खोलीच्या मरणाची ती बातमी आहे, आणि आपण ती तशी वाचत नाही.

खाजगी प्रसूतिगृहंही अशीच विझत चालली. तालुक्याच्या गावी नवरा-बायको डॉक्टर, खाली दवाखाना आणि वर घर, हे चित्र आपल्या पिढीने पाहिलं आहे. रात्री दोनला कडी वाजली की वरचा दिवा लागायचा. त्यांची मुलं शिकून शहरांत गेली, आणि त्यांना बोलवावं तरी कुठल्या तोंडाने? घरटी मुलं कमी झाली, राज्याचा जननदर १.७पर्यंत उतरला, आणि बाळंतपणांवर चालणारा दवाखाना चालेना. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे दहा नवजात बालकं आगीत गेली, त्यानंतर फायर ऑडिटचा आग्रह वाढला. हे व्हायलाच हवं होतं. त्या दहा आयांसमोर कुणी खर्चाची गोष्ट काढू नये. पण साठी ओलांडलेल्या एका डॉक्टरीणबाईंना एकटीने तो सगळा भार पेलवत नाही, आणि त्या एक दिवस पाटीवरचा ‘प्रसूतिगृह’ हा शब्द रंगवून टाकतात. त्यांना कुणी विचारलं नाही की बाई, काय दिलं तर तुम्ही अजून पाच वर्षं चालवाल?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी आईकडे येते ती केवळ विश्रांतीला येत नाही. तिला भीती वाटत असते, आणि त्या भीतीच्या वेळी ओळखीची माणसं हवी असतात. आता माहेर मिळतं ते फक्त वाट बघण्यापुरतं. खरी वेळ आली की माहेरही मागे राहतं. जवळच्या रुग्णालयात मुलगी असली की सकाळी आई डब्यात ऊन ऊन पेज घेऊन चालत जायची, काकी दुपारी थांबायची, शेजारीण रात्री. दूर नेली की एकच माणूस सोबत, आणि त्याची रोजची मजुरी बुडते. सिझेरियन झालेली बाई पाचव्या-सहाव्या रात्री वॉर्डातच असते. पाचवी-सहावीच्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, अशी आपली श्रद्धा. त्या रात्री घरी पाट मांडायचा कुणासाठी? २०१८मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा सिंधुदुर्गात केवढी खळबळ उडाली होती! शेजाऱ्याने वर्षानुवर्षं आपली माणसं सांभाळली, हे त्याचे उपकार. पण त्याच्या ओसरीवर आपल्या लेकी बाळंत होतात, याची खंत आपल्याला त्या आधीच वाटायला हवी होती.

ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण जिल्ह्याच्या गावी एक मोठं रुग्णालय उभं राहिलं म्हणून तालुक्याच्या खोल्या विझू द्याव्यात, असं होत नाही. या खोल्या पुन्हा उजळणं अशक्य कोटीतलं मुळीच नाही. एमबीबीएस डॉक्टरांना आणीबाणीत भूल द्यायला शिकवणारं सरकारी प्रशिक्षण आहे. परिचारिकांना पूर्ण प्रशिक्षित प्रसविका करण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २०१८मध्येच काढली आहेत. रक्तसाठा केंद्राला महाल लागत नाही, एक खोली, एक फ्रिज आणि खात्रीची वीज लागते. आणि लागतं ते तिथे टिकून राहील असं माणूस. त्याच्यासाठी राहायला धड घर, त्याच्या मुलांना शाळा, वेळेवर पगार, आणि सुट्टीवर गेलं तर बदली माणूस. कंत्राटाच्या अकरा महिन्यांवर कुठलीही खोली उजळत नाही.

तुमच्या तालुक्यातही असं एक रुग्णालय असेल. त्याला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिचे सदस्य तुमच्याच ओळखीतले असतात. त्यांना भेटा. गेल्या वर्षभराचं प्रसूती रजिस्टर आणि पुढे पाठवलेल्या बायकांचं रजिस्टर, दोन्ही शेजारी ठेवून आकडे मागा. किती जणी आल्या, किती पुढे पाठवल्या, रात्रीच्या कुठल्या प्रहरी, कुठलं पद रिक्त होतं म्हणून. ते आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि पद भरेपर्यंत दर ग्रामसभेत पुन्हा वाचा. पावसाळ्याच्या आधी वाचा.