आंधळ्याला सांगावं तसं



आज आधी थोडं खेळाचं. आमच्या पिढीने क्रिकेट कानानेच पाहिलं. बांधावर ट्रान्झिस्टर आणि हातात खुरपं. ही रेडिओवरची धावती वर्णनं सुरू कशी झाली, ते परवा वाचनात आलं.

इंग्लंडात टेडी वेकलम नावाचा गडी होता, आधी स्वतः रग्बी खेळलेला. १५ जानेवारी १९२७ ला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंड-वेल्स रग्बी सामना झाला. त्याचं वर्णन त्याने बीबीसीवर केलं. ब्रिटिश रेडिओवरचं खेळाचं हे पहिलं धावतं वर्णन. आधी कुणी केलेलंच नाही, मग शिकणार कुणाकडून? बीबीसीवाल्यांनी एक युक्ती केली. युद्धात दृष्टी गेलेल्यांच्या संस्थेतला एक आंधळा माणूस त्याच्यासमोर बसवला आणि सांगितलं, ‘याला सामना दिसंल असं बोल.’

दुसरी युक्ती चौकोनांची. मैदानाचे आठ चौकोन पाडून त्याचा नकाशा ‘रेडिओ टाइम्स’मध्ये आधीच छापला. चेंडू कुठल्या चौकोनात आहे, ते दुसरा माणूस नुसता आकडा बोलून सांगायचा.

पुढच्याच आठवड्यात वेकलमने फुटबॉल केला, नंतर क्रिकेट, टेनिस. १९३८ ला लॉर्ड्सची कसोटी टीव्हीवर दाखवली, तेव्हाही बोलायला तोच.

हे वाचलं आणि मला आमचे आबा आठवले. काचबिंदूने त्यांची नजर गेलेली. मागच्या खरिपात माझं सोयाबीन पिवळं पडायला लागलं. मी सल्लागाराला फोन केला, ‘साहेब, पिवळं पडलंय.’ एवढंच. ते म्हणाले, लोह कमी पडत असंल, फेरस सल्फेट फवारा. फवारलं. आठ दिवस गेले, फरक शून्य.

संध्याकाळी आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘पिवळं म्हंजी कसं? सबंद पान का चट्टे? शेंड्याला का बुडाला? कुठल्या अंगाला जास्त?’

मला एकाचंही उत्तर देता येईना.

सकाळी नीट पाहिलं. कोवळ्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे, खाली पांढरी माशी, आणि सगळ्यात जास्त पश्चिमेच्या बांधाकडं. पिवळा मोझॅक. आधीच रोगट झाडं उपटली असती, पिवळे चिकट सापळे लावले असते, तर अर्धा एकर हातचा गेला नसता. चूक सल्लागाराची नाही, मीच अर्धवट बोललो.

आता मी वावराचे मनातल्या मनात आठ चौकोन पाडतो. प्रत्येकात दहा झाडं बघतो, किती बाधित ते वहीत लिहितो आणि मगच फोन लावतो. फोटो पाठवायचाच, पण आमच्याकडं रेंज नसते, तेव्हा शब्दच कामाला येतात.

कृषीवाल्या मित्रांना एक विनंती. शेतकरी नुसतं ‘पिवळं पडलंय’ म्हणाला, तर औषध सांगू नका. आबांसारखं विचारा.