अणुभट्टी, घर आणि स्वावलंबनाची किंमत

१/ पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे ठिकाण. नागपूर-हैदराबाद महामार्ग इथूनच जातो. भोवताली कापूस आणि तुरीची शेते, पलीकडे टिपेश्वरचे जंगल. पूर्वेला वणीच्या परिसरात कोळसा निघतो, त्याच्याही पुढे चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र आहे. वीज जन्मते ती एवढ्या जवळ. तरीही कृषिपंपाची पाळी रात्रीची आली की शेतकऱ्याला अंधारात ओलितासाठी निघावे लागते. २०१८ मध्ये टी-१ वाघिणीची दहशत या परिसरावर होती, तेव्हाही पिकाला पाणी हवेच होते.

देशाला पुरेशी वीज कुठून मिळणार, या प्रश्नावर ज्याने सारी कारकीर्द वेचली, अशा एका मराठी अभियंत्याविषयी हा धागा.

२/ अनिल काकोडकर यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९४३ रोजी बडवानी संस्थानात झाला. हा प्रदेश आज मध्य प्रदेशात आहे. वडील पुरुषोत्तम काकोडकर गोव्याच्या मुक्तिलढ्यातील गांधीवादी कार्यकर्ते. आई कमलाबाईही स्वातंत्र्यसैनिक. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सविनय कायदेभंगाला आरंभ केला. त्यानंतरच्या धरपकडीत पुरुषोत्तमराव पकडले गेले आणि त्यांना थेट पोर्तुगालला हद्दपार करण्यात आले. मुलगा तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. पितापुत्रांची पुन्हा भेट झाली, तोवर त्याचे बालपण जवळजवळ सरले होते.

३/ मधल्या वर्षांत घर कमलाबाईंनी उभे ठेवले. मुलाचे शालेय शिक्षण बडवानी आणि खरगोण इथे झाले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात तुरुंगात गेलेल्यांची नावे सापडतात. त्यांच्यामागे राहिलेल्यांचा जमाखर्च सहसा कुणी मांडत नाही. स्वावलंबन हा शब्द पुढे काकोडकरांच्या विचारात सतत येत राहिला. तो त्यांनी एखाद्या धोरणपत्रिकेतून उचलला असेल, असे मानण्याचे कारण नाही. ज्या घरात आधार देणारे माणूसच समुद्रापलीकडे नेले गेले, त्या घरात त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

४/ राजकारण या घराला सोडून गेले नाही. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि लवकरच प्रश्न उभा राहिला: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की स्वतंत्र राहायचे? पुरुषोत्तमराव विलीनीकरणाच्या विरोधात होते. निर्णय विधानसभेने न घेता थेट जनतेने घ्यावा, यासाठी त्यांनी दिल्लीत आपले वजन खर्च केले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. अनेक मराठी वाचकांना ही भूमिका आजही रुचणार नाही. पण त्यातला आग्रह ध्यानात ठेवावा: ज्यांच्या आयुष्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्यांना विचारल्यावाचून तो घेऊ नये. हा धागा पुढे पुन्हा याच मुद्द्याशी येईल.

५/ मुलगा मात्र यंत्रांकडे वळला. मुंबईत रुपारेल महाविद्यालय, मग व्हीजेटीआयमधून १९६३ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी, त्यानंतर तुर्भे येथील अणुऊर्जा प्रशिक्षण विद्यालय आणि १९६४ पासून अणुसंशोधन केंद्रात नोकरी. १९६९ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. विषय होता प्रायोगिक प्रतिबल विश्लेषण, म्हणजे एखाद्या भागावर किती ताण आला आहे आणि तो कुठे तुटू शकतो, हे प्रत्यक्ष मोजण्याचे शास्त्र. त्याच वर्षी आपल्या तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या दोन्ही भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या होत्या आणि इंधनही तिकडूनच येत होते.

६/ १८ मे १९७४. पोखरणच्या वाळवंटात भारताने पहिली अणुचाचणी केली. ती घडवणाऱ्या छोट्या गटात तिशीतले काकोडकर होते. परिणाम लगेच दिसले. कॅनडाने सहकार्य थांबवले. राजस्थानातील दुसरी भट्टी भारतीय अभियंत्यांना स्वतःच पुरी करावी लागली. तारापूरच्या अमेरिकी इंधनाचाही पुढे तिढा पडला. सुटे भाग, नकाशे, सल्ला असे सारे दरवाजे एकामागून एक बंद झाले. स्वावलंबन आता निवडीचा विषय उरला नव्हता.

७/ अशा काळात तुर्भ्याला ‘ध्रुव’ ही १०० मेगावॅट औष्णिक क्षमतेची संशोधन भट्टी बांधली गेली. तिच्या रचनेत आणि उभारणीत काकोडकरांचा मोठा वाटा होता. ८ ऑगस्ट १९८५ रोजी ती क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातील विखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू लागली. पण शीतक पाण्याच्या वेगवान प्रवाहात इंधनाच्या जुड्या थरथरू लागल्या. दोष शोधून रचना बदलावी लागली, आणि पूर्ण क्षमता गाठायला १९८८ उजाडले. विचारायला परदेशी कंपनी नव्हती. आपली चूक आपणच शोधायची आणि आपणच दुरुस्त करायची, हा या तंत्रज्ञानाचा खरा अभ्यासक्रम होता.

८/ दुसरी परीक्षा कल्पाक्कमला झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास अणुवीज केंद्राच्या दोन्ही भट्ट्यांत जड पाणी आत सोडणारे भाग निकामी झाले. किरणोत्सर्गी गाभ्यात माणूस शिरू शकत नाही. भट्ट्या कायमच्या मोडीत निघतात की काय, अशी वेळ आली. काकोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड पाण्याला पर्यायी वाट काढून दिली. काही वर्षे दोन्ही भट्ट्या कमी क्षमतेवर चालल्या, पुढे कायमची दुरुस्ती झाली. पोखरणइतकी प्रसिद्धी या कामाला कधी मिळाली नाही. अभियंत्याची पारख मात्र अशाच ठिकाणी होते.

९/ २००० ते २००९ या काळात काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. याच काळात अमेरिकेशी नागरी अणुकरार घडला. देशात युरेनियमची चणचण होती; इंधनाअभावी भट्ट्या निम्म्या क्षमतेच्या आसपास चालवण्याची पाळी आली होती. करार हवा होता, पण कोणत्या अटींवर? फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितले की शीघ्र प्रजनक भट्टी आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली देता येणार नाही. वाटाघाटी चालू असताना एका सरकारी अधिकाऱ्याने असे जाहीर बोलणे विरळाच. मार्च २००६ च्या योजनेत २२ पैकी १४ भट्ट्या देखरेखीखाली आल्या आणि प्रजनक भट्ट्या बाहेर राहिल्या. ६ सप्टेंबर २००८ रोजी अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सवलत दिली.

१०/ हा आग्रह कशासाठी? होमी भाभांनी १९५४ मध्ये मांडलेल्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात प्रजनक भट्टी हा मधला पूल आहे. ती जळते त्याहून अधिक इंधन निर्माण करते, आणि त्या पुलावरूनच देशातील विपुल थोरियमपर्यंत पोहोचता येते. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅट प्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले. गाभा भरण्यास आरंभ व्हायला मार्च २०२४ उजाडला. देशाच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा अजून सुमारे ३ टक्केच आहे. स्वतःच्या हिमतीने जाण्याचा रस्ता लांबचा असतो, आणि वाट पाहण्याची किंमत वीज न मिळालेले लोक मोजतात.

११/ ही किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न जैतापूरला धारदार झाला. ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प, तोही फ्रेंच बनावटीच्या भट्ट्यांचा. काकोडकर प्रकल्पाच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले. देशाला वीज हवी आणि भट्ट्या सुरक्षित करता येतात, हा त्यांचा युक्तिवाद होता. समोर मच्छीमार आणि बागायतदार होते. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली; एप्रिलमध्ये जैतापूरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका माणसाचा जीव गेला. पुरुषोत्तमरावांनी गोव्यासाठी जो आग्रह धरला होता, तोच माडबनच्या लोकांच्या तोंडी होता: आम्हाला विचारा. प्रतिबल मोजणारे शास्त्र धातू कुठे तुटेल ते सांगते. समाज कुठे तुटेल, हे सांगणारे उपकरण तुर्भ्यातही नाही.

१२/ काकोडकरांनी हा दुरावा ओळखला नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निवृत्तीनंतर त्यांनी ‘सिलेज’ ही कल्पना सातत्याने मांडली: शहरातील ज्ञान आणि संधी गावात पोहोचाव्यात, म्हणजे तरुणाला गाव सोडावे लागणार नाही. २०१९ मध्ये आलेल्या ‘फायर अँड फ्युरी’ या आत्मकथनात ही सारी वाटचाल आहे. पांढरकवड्याच्या बाजूने पाहिले तर तुर्भे आणि विदर्भ यांचे एक जुने नातेही सापडते. किरणोत्सर्गाने बियाण्यात बदल घडवून अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठासह टीएयू-१ हे उडदाचे वाण तयार केले. ते १९८५ मध्ये, म्हणजे ध्रुव भट्टी सुरू झाली त्याच वर्षी, महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. या बियाण्यासाठी कुणाची जमीन घ्यावी लागली नाही. ते पेरायचे की नाही, हे शेतकऱ्याने ठरवले.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने या चरित्राकडे पाहताना पोखरणच्या तारखा पाठ कराव्यातच. त्यांच्या शेजारी आणखी काही नोंदी ठेवाव्यात: खरगोणमध्ये एकटीने मूल वाढवणारी आई, कल्पाक्कमला कमी क्षमतेवर चालवलेल्या भट्ट्या, माडबनचा सडा आणि रात्रीच्या पाळीला मोटार सुरू करायला निघालेला केळापूर तालुक्यातील शेतकरी. देशाच्या स्वावलंबनाच्या खात्यात ही सारी नावे एकाच पानावर लिहिली गेली पाहिजेत. तुमच्या गावातही असे एखादे नाव असेल, तर ते या धाग्याखाली जरूर नोंदवा.