आजीची पलटण

निऑन आमच्या घरी आणले काकाने. क्रॉफर्ड मार्केटातला दुकानदार जोडी देत होता, काका डझनभर घेऊन आला. कलिन्याच्या दोन खोल्यांत आम्ही आठ माणसं राहायचो. टाकी ठेवायला जागा एकच होती, आजीच्या पलंगाच्या पायथ्याशी. त्यामुळे मासे आजीचे झाले. ती त्यांना पलटण म्हणायची. आम्हा चुलत भावंडांनाही ती हेच म्हणायची, त्यामुळे ‘पलटण जेवली का?’ असं तिने विचारलं की नेमकं कुणाबद्दल ते आईला विचारून घ्यावं लागे.

निऑन असतो बोटाच्या दोन पेरांएवढा. अंगावर निळा झगझगीत पट्टा, खाली शेपटीकडे लाल. मूळचा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. शास्त्रात त्याची नोंद झाली १९३६ साली. एवढ्याशा जिवाला तिथल्या नद्यांत एकट्याने राहणं परवडत नाही. सगळे एकत्र हलत असले की मोठ्या माशाला नेमकी कुणावर झडप घालावी हे कळत नाही. या थव्याला पुढारी नसतो. जो तो आपल्या शेजारच्यांवर नजर ठेवतो, आणि त्यांच्या हलण्याने ढवळलेलं पाणी अंगाच्या कडेवरच्या रेषेने ओळखतो. एक वळला की शेजारचा वळतो, आणि बघता बघता सगळे वळलेले असतात.

आजीने यातलं काही वाचलं नव्हतं. पण तिने पलंगावरून जे टिपलं, ते मला पुढे पुस्तकांत जसंच्या तसं सापडलं. स्वस्थ असले की निऑन टाकीभर पांगतात, भ्याले की एकमेकांना चिकटतात. बाबांचं आणि काकाचं जागेवरून भांडण झालं, त्या संध्याकाळी काका दार आपटून गेला. सगळे निऑन मागच्या कोपऱ्यात गोळा झाले होते. ‘बघ, मुके जीव घाबरले की जवळ येतात,’ आजी मला म्हणाली. बाबा तिथेच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ते गॅलरीत निघून गेले.

काका मुलुंडला राहायला गेला. बाबांनी घरात त्याचं नाव काढू दिलं नाही, पण त्याची टाकीही कुणाला हलवू दिली नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आमच्या इमारतीचा तळमजला पाण्यात गेला, वीज गेली, आणि टाकीतला हवेचा पंप बंद पडला. बाबा फोर्टातल्या ऑफिसात अडकलेले, फोन लागत नव्हता. अंधार पडल्यावर आजीनेच पहिल्यांदा पाहिलं की मासे वर आले आहेत. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून प्रत्येक जण आपापला श्वास घेत होता. शेजारी कोण आहे, कोण वळतंय, कशाचं भान नव्हतं. पलटण अशी मोडलेली आम्ही कधी पाहिली नव्हती.

आजीने फुलपात्र घेतलं, टाकीतलंच पाणी भरून हातभर उंचीवरून परत टाकीत सोडलं. पडणारं पाणी हवा घेऊन जातं, तेवढाच त्यांना आधार. मग ती थांबलीच नाही. आईने फुलपात्र मागितलं तर म्हणाली, ‘तू खालच्या मजल्यावरच्या पोरांकडे बघ.’ ती पोरं आमच्याकडे वर आली होती. मेणबत्तीच्या उजेडात माशांचे निळे पट्टे दिसेनात, तेव्हा मी रडायला लागलो. ते मेले असं मला वाटलं. आजी म्हणाली, ‘रात्री ते असेच विझतात.’ हेही तिने पाहून ठेवलेलं. त्या निळ्यात रंग नसतोच. कातडीतल्या पेशींत बारीक स्फटिकांचे थर असतात, त्यांवरून उजेड परतून तो निळा दिसतो. अंधारात ते थर सरकतात आणि पट्टा जांभळट, मंद होतो.

पहाटे बाबा आले, फोर्टापासून चालत, छातीपर्यंत भिजलेले. आजी अजून पाणी ओततच होती. त्यांनी कपडेही बदलले नाहीत. तिच्या हातातून फुलपात्र घेतलं. ‘आई, तू पड जरा.’ दिवस उजाडून वर येईपर्यंत ते टाकीशी उभे होते. तो माणूस आम्हाला कधी जवळ घ्यायचा नाही, पाठीवरून हात फिरवायचा नाही. म्हणून ते उभं राहणं मी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आला, बराचसा रस्ता पायी तुडवत. हातात बॅटरीवर चालणारा पंप. दारातूनच त्याने विचारलं, ‘मासे आहेत का?’ बाबांनी उत्तर न देता पंपाची नळी धरली. दोघांनी मिळून ती टाकीत सोडली. काका जेवून गेला. पण येणंजाणं सुरू झालं नाही. बाबांचा ताठा तेवढ्याने जाणारा नव्हता.

पुढे वयाने एकेक मासा गेला आणि एक उरला. तो झाडामागे पडून राहायचा. आजी म्हणाली, सोबत आणा. बाबा म्हणाले, इमारत पाडायची आहे, आता घरात नवं काही नको. तेव्हा आजीने आपल्या करंड्यातला आरसा टाकीच्या काचेला बाहेरून टेकवून ठेवला. मासा बाहेर आला. आरशातल्या माशाला अंग लावून पोहायचा, आरसा संपला की थबकून परत फिरायचा. दिवसभर तेच. बाबा पेपर वाचता वाचता बघायचे.

एका रविवारी त्यांनी काकाला फोन केला. ‘तुझ्याकडे निऑन आहेत म्हणे?’ मग पिशवीत पाणी भरून, मासा घेऊन, लोकलने मुलुंडला गेले. काकाच्या घराची पायरी त्यांनी तेव्हा पहिल्यांदा चढली. मीही बरोबर होतो. पिशवी थोडा वेळ टाकीत तरंगत ठेवली आणि मग सोडली. आमचा मासा काकाच्या माशांकडे सरळ गेला, एक वळण घेतलं, आणि त्यांतला आमचा कोणता हे कुणालाही सांगता येईना. बाबा तेवढ्यासाठी रात्रीपर्यंत काकाकडे थांबले.

काकाची नात आता विचारते, तुमचा तो मासा कधी मेला? आम्हाला माहीत नाही. आजी गेली तेव्हा तो होता की नव्हता, हेही माहीत नाही.

दुकानदार आजही जोडीच पुढे करतो. निऑन, रास्बोरा, झेब्रा डॅनिओ, यांपैकी काहीही घ्यायचं असेल तर निदान आठ-दहा एकदम घ्या, आणि पुढे कमी होत गेले तर भर घाला. तेवढी जागा घरात नसेल तर घेऊ नका.