एक बाजू दमदमपर्यंत

डाफ्ट पंक या जोडीचा ‘होमवर्क’ हा पहिला अल्बम जानेवारी १९९७ मध्ये आला. तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्टो हे पॅरिसचे दोन मित्र तेव्हा विशीत होते. अल्बम घडला तो तोमाच्या घरी, त्याच्या झोपायच्या खोलीत. सोळा तुकडे, सुमारे ७४ मिनिटे. कलकत्त्यात फ्री स्कूल स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डांची आणि कॅसेटींची दुकाने आहेत, त्यांतल्या एका दुकानात मला त्याची कॅसेट मिळाली आणि पुढची सगळी वर्षे तो अल्बम माझ्याबरोबर राहिला.

माझी पहिली नोकरी दमदमला होती आणि घर टॉलीगंजला. मेट्रोच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोजची ये-जा. डब्यातले पंखे घरघरत, खिडक्यांतून बोगद्याचा आवाज आत येई आणि कानात वॉकमन. दमदम येईपर्यंत एक बाजू संपत आलेली असे, दुसरी परतीच्या वाटेला. त्यामुळे अल्बम मला नेहमी क्रमानेच भेटला. ‘फ्रेश’मधल्या समुद्राच्या लाटा, पाठोपाठ ‘अराउंड द वर्ल्ड’, आणि मग कानाला करवतीसारखा लागणारा ‘रोलिन अँड स्क्रॅचिन’. आधीची कोवळीक ऐकलेली असली की तो कर्कशपणा अंगावर येत नाही, अंगात येतो.

‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये तीन शब्दांची एकच ओळ १४४ वेळा येते. घरी टेपवर ती लागली तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘अगं, कॅसेट अडकली का?’’ बाबा मात्र पेपर खाली ठेवून ऐकत राहिले. बाबा बँकेच्या बदलीने कलकत्त्यात आलेले. तबला शिकले ते इथेच. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवात ते साथीला बसत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘हा लेहरा आहे. लेहरा बदलायचा नसतो.’’

एकल तबलावादनात पेटीवर एकच सुरावट अखंड फिरत राहते. ती स्थिर असते म्हणून तर कायदा, रेला, तुकडा यांची गंमत कळते. त्या दिवसापासून मी शब्दांकडे लक्ष देणे सोडले आणि त्यांच्या अवतीभोवती काय हलते ते ऐकू लागले. बेस पायऱ्या चढतो-उतरतो. टाळी येते, जाते. फिल्टरने आवाजातला वरचा भाग कापला की गाणे बंद दारामागे गेल्यासारखे होते, आणि हळूहळू दार उघडते. दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने या गाण्याच्या व्हिडिओत हीच रचना डोळ्यांना दाखवली आहे: यंत्रमानव आवाजावर हलतात, उंच खेळाडू बेसवर, सांगाडे गिटारवर, ममी ड्रम मशीनवर. प्रत्येक वाद्याला आपली पावले.

‘टीचर्स’ या तुकड्यात तर हे दोघे नुसती नावे घेतात, ज्यांच्याकडून शिकले त्यांची. त्यांत शिकागो आणि डेट्रॉइटचे कितीतरी कलावंत आहेत. हे सांगितल्यावर बाबांनी, गुरूचे नाव घेताना धरतात तशी, कानाची पाळी धरली. त्यांच्या लेखी पॅरिसची ती पोरे त्या क्षणी घरातली झाली.

आणखी एक धागा मला फार उशिरा सापडला. याच अल्बमच्या ‘दा फंक’मधला तो चिकट, वळवळणारा आवाज रोलँडच्या टीबी-३०३ या छोट्या जपानी यंत्राचा. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून ते १९८१ साली बाजारात आले आणि तीन वर्षांत बंद पडले. पुढे शिकागोच्या पोरांनी ते जुन्या बाजारातून उचलले आणि १९८७ साली त्यांच्यातल्या फ्यूचर या गटाच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ने त्यातून नृत्यसंगीताचा एक पंथच उभा केला. पण त्याच्याही पाच वर्षे आधी, १९८२ साली, मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी तेच यंत्र वापरून भैरव, ललित, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. ती रेकॉर्ड काढली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे ज्या कंपनीचा कारखाना दमदमला होता तिनेच. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली एका डच कंपनीने पुन्हा काढली आणि जग चकित झाले. मी ‘दा फंक’ ऐकत ज्या दमदमला रोज उतरत होते, त्याच दमदमशी त्या आवाजाचे इतके जुने नाते होते, हे कळल्यावर मला अपार आनंद झाला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये डाफ्ट पंक थांबले. बाबाही आता नाहीत. अल्बम मी अजून ऐकते, पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या ‘फंक अ‍ॅड’पर्यंत, आणि हा शेवटचा तुकडा म्हणजे ‘दा फंक’च उलटा फिरवलेला आहे, हे त्या क्रमाने ऐकणाऱ्यालाच जाणवते.

आज फोनवर गाणी सुटी सुटी येतात आणि दहा सेकंदांत बोट पुढे सरकते. यांत्रिक म्हणून या संगीताला बाजूला सारणाऱ्या रसिकांना माझी कळकळीची विनंती आहे: एकदा सव्वा तास काढा. आधी चरणजित सिंगांचा ललित ऐका, मग ‘होमवर्क’ अथपासून इतिपर्यंत, काहीही न गाळता. ओळ तीच राहील. तुम्ही तिच्याभोवतीचे ऐका.