पंधरा पिनांची दांडी

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांपर्यंत चढलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. गावभागातल्या मामांच्या घरात तळमजला बुडाला आणि त्यांचा जुना पेंटियम, मॉनिटर, प्रिंटर सगळं गाळात गेलं. विमानाच्या खेळाची जॉयस्टिक मात्र माळ्यावरच्या खोक्यात होती, म्हणून वाचली. पुढे कधीतरी मामांनी ती माझ्या हातात ठेवली. "तुझ्याकडं नवा कॉम्प्युटर आहे की. चालवून बघ."

साताऱ्याला येऊन वायरचं टोक पाहिलं आणि अडचण लक्षात आली. दोन ओळींत पंधरा पिना असलेला तो जुना गेमपोर्टचा प्लग होता. माझ्या लॅपटॉपला फक्त यूएसबी. आयबीएमने 1981 मध्ये पहिल्या पीसीबरोबर हा पोर्ट आणला. 1989 पासून साउंड ब्लास्टर कार्डांनी तो आपल्या पाठीवर घेतला आणि त्यामुळे तो घरोघरी पोचला. यूएसबी आल्यावर त्याची गरज संपत गेली, आणि 2007 मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने तर त्याचा आधारच काढून घेतला. म्हणजे जुनं कार्ड शोधून आणलं असतं, तरी नव्या विंडोजने त्याची दखल घेतली नसती.

पहिला उपाय सोपा वाटला. गेमपोर्टचं यूएसबी करणारा तयार कन्व्हर्टर मिळतो, तो मागवला. लॅपटॉपने जॉयस्टिक ओळखली. रन खिडकीत 'जॉय डॉट सीपीएल' टाइप केलं की विंडोजचं तपासणीचं पान उघडतं. त्यातली खूण डावी-उजवीकडे नीट सरकत होती, पण वर-खाली नेताना उड्या मारत होती. आणि गतीसाठी स्टिकच्या बुडाशी असलेलं चाक फिरवलं, तर काहीच होत नव्हतं. या कन्व्हर्टरने त्या चाकाची पिन जोडलेलीच नव्हती.

मग मल्टिमीटर काढला. अशा स्टिकच्या पोटात बुद्धी नसते. आडव्या हालचालीला एक पॉट, उभ्या हालचालीला दुसरा, चाकाला तिसरा, आणि बटणांचे साधे स्विच, एवढाच संसार. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारा भाग असतो, तसाच हा पॉट: शून्यापासून एक लाख ओहमपर्यंत रोध बदलणारा. हुशारी सगळी कॉम्प्युटरमधल्या कार्डाकडे होती. त्या रोधातून एक छोटा कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो, हे कॉम्प्युटर मोजत बसायचा. रोध शून्य असला तर साधारण 24 मायक्रोसेकंद, पूर्ण एक लाख ओहम असला तर सुमारे 1.1 मिलिसेकंद. त्या वेळेवरून दांडी कुठे आहे ते त्याला कळायचं. मामांनी पूर्वी प्रोसेसर बदलला तेव्हा विमान आपोआप एका बाजूला का कलायला लागलं होतं, हे मला आता उमगलं. काही जुने खेळ ही वेळ प्रोसेसरच्या फेऱ्यांमध्ये मोजत. प्रोसेसर वेगवान झाला की फेऱ्या वाढत आणि हिशोब चुके.

1 आणि 3 क्रमांकाच्या पिनांवर मीटर लावून दांडी आडवी फिरवली. आकडा एकसारखा चढला-उतरला. 1 आणि 6 वर लावून उभी फिरवली, तर तो मध्येच गायब होई. म्हणजे दोष उभ्या हालचालीच्या पॉटमध्ये होता. बूड खोललं, पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारला आणि दांडी बराच वेळ मागे-पुढे फिरवली. आकडा सरळ झाला. रोगाचं निदान मीटरने आधी करून दिलं नसतं, तर मी कन्व्हर्टरच बदलत बसलो असतो.

चाकाचा प्रश्न उरला होता. ती सगळी सामग्री घेऊन कराड, पेठ नाका, आष्टा करत एसटीने सांगली गाठली. मामांची नात विश्रामबागच्या वालचंद महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिने खोललेली स्टिक पाहिली आणि म्हणाली, "काका, पॉटला तीन पाय आहेत आणि जोडलेत दोनच. तिसरा मोकळाच आहे की!"

तिथून काम सोपं झालं. प्रो मायक्रो नावाचं बोटभर लांबीचं आर्डुइनो बोर्ड तिच्याकडे होतं. त्यावरची एटीमेगा 32यू4 चिप यूएसबीला स्वतःची ओळख थेट जॉयस्टिक म्हणून करून देऊ शकते. मोकळा पाय ग्राउंडला जोडला की पॉट रोधाऐवजी व्होल्टेज देऊ लागतो, शून्य ते पाच व्होल्टपर्यंत. बोर्ड ते 0 ते 1023 अशा आकड्यांत वाचतं. वेळ मोजायची भानगडच संपते. पण मधला पाय पिनेकडे जातो की पाच व्होल्टकडे, हे तिने आधी तपासलं. तो पाच व्होल्टला जोडलेला असता, तर दांडी एका टोकाला नेताच शॉर्टसर्किट झालं असतं. आमचा पिनेकडे जात होता. मूळ वायर कापायची नाही, अशी मामांची अट होती, म्हणून बोर्डाला पंधरा पिनांचं सॉकेट झाळलं आणि चाकाची 13 क्रमांकाची पिनही त्यात घेतली. प्रोग्राम तयार लायब्ररीवर काही ओळींत झाला. दांडी पॉट पूर्ण फिरवत नाही, त्यामुळे दोन्ही टोकांचे आकडे मोजून त्यात भरले.

पूर्वी मामा शिकागोच्या मेग्ज फील्डवरून उड्डाण करायचे, कारण जुना फ्लाइट सिम्युलेटर तिथूनच सुरू व्हायचा. तो विमानतळ 2003 मध्ये कायमचा बंद झाला. या वेळी आम्ही कोल्हापूरच्या उजळाईवाडीवरून विमान उचललं आणि ईशान्येला वळवलं. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तो संगम खाली दिसला, तसे मामा पुढे सरकले. "खाली घे जरा. आयर्विन दिसतोय का बघू." नातीने दांडी त्यांच्याच हातात दिली. विमान एकसारखं वळलं, कुठे हिसका नाही, आणि चाकाने गतीही कमी झाली.

तुमच्या माळ्यावर अशी पंधरा पिनांची स्टिक असेल, तर भंगारात देण्याआधी तिला मल्टिमीटर लावा. आकडा एकसारखा चढत-उतरत असेल तर ती जिवंत आहे, आणि हजार रुपयांच्या आत नव्या कॉम्प्युटरवर चालेल. एक खबरदारी मात्र घ्या: साइडवाइंडर 3डी प्रोसारख्या काही स्टिक डिजिटल पद्धतीने बोलतात. त्यांना साधा कन्व्हर्टर चालत नाही, त्यांची भाषा जाणणारा प्रोग्रामच लागतो. बाकी साध्या स्टिकमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं, आणि जे बिघडतं ते बहुतेक वेळा धुळीनेच.