दोन फियाट, एक फेरारी

दोन वर्षांपूर्वी आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या भूगोलाच्या वहीची शेवटची बारा पानं गाड्यांनी भरलेली. लाल फेरारी, पिवळी लॅम्बोर्गिनी, मधूनच एखादी पोर्शे. आम्ही वही जप्त केली आणि स्टाफरूममध्ये बसून चाळली. चित्रं खरंच चांगली होती. मधल्या सुट्टीत तो वही मागायला आला तेव्हा रागवायचं सोडून आम्ही विचारलं, यातली एकतरी पाहिलीस का? म्हणाला, "एक बार पवई में, सर. सिग्नल पे. मगर वो चली गई." मग म्हणाला, "ये सब खडी हुई कहां मिलेंगी?"

आम्ही म्हणालो, अजायबघरात. शिक्षकाने एकदा उत्तर दिलं की त्याचा पत्ताही द्यावा लागतो. त्या संध्याकाळी घाटकोपरच्या आमच्या घरी, असल्फ्याच्या चढावर, आम्ही आणि भाईजान मोबाइल घेऊन बसलो आणि शोधता शोधता आमचाच प्रवासाचा बेत सुरू झाला. भाईजान सीएनजीवरची वॅगन-आर चालवतात, म्हणजे गाडी घरची होती. अब्बा पलंगावर बसून ऐकत होते.

निव्वळ स्पोर्ट्स कारचं म्हणावं असं अजायबघर आमच्या टप्प्यात सापडलं नाही. ती तिकडे इटलीत. मारानेल्लोला फेरारीचं, सांत'आगाताला लॅम्बोर्गिनीचं. आपल्याकडे आहेत ती बहुतेक राजेरजवाड्यांच्या आणि शेठ लोकांच्या जुन्या गाड्यांची. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचं ऑटो वर्ल्ड, शंभराहून जास्त गाड्या. उदयपूरला मेवाडच्या राजघराण्याचं, 2000 साली उघडलेलं, जिथे 1983 च्या जेम्स बाँडच्या 'ऑक्टोपसी'तली 1934 ची रोल्स रॉइस उभी आहे. कोइमतूरचं जीडी संग्रहालय नावाजलेलं, पण मुंबईपासून बाराशे किलोमीटर. भाईजाननी ते ऐकताच हात जोडले.

म्हणून अहमदाबाद आणि उदयपूर. आम्ही वहीत आखणी केली. ठाणे, घोडबंदर, वसईची खाडी, मग राष्ट्रीय महामार्ग 48 धरून मनोर, तलासरी, वापी, सुरत, भरूच, बडोदा. अहमदाबादपर्यंत सव्वापाचशे किलोमीटर, तिथून उदयपूर दोनशे साठ. जाऊन येऊन आणि थोडं इकडेतिकडे धरून सतराशे. किलोला वीसची सरासरी धरली तर पंच्याऐंशी किलो गॅस, ऐंशीच्या भावाने सहा हजार आठशे. टोल वेगळा. बेगम म्हणाल्या, एवढ्यात घराला रंग होतो. बरोबरच होतं त्यांचं.

मे 2024 ची सुट्टी लोकसभेत गेली. 20 मे ला मुंबईचं मतदान, शिक्षक केंद्रावर. म्हटलं दिवाळीत जाऊ, तर विधानसभेचं 20 नोव्हेंबर लागलं आणि प्रशिक्षणाच्या तारखा सुट्टीतच आल्या. पुढच्या मे मध्ये अब्बांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मास्तर माणसाने सुट्टीचा बेत करावा आणि सरकारने तो तपासावा, असा हा रिवाज आहे.

या सगळ्या काळात अब्बा बेताबद्दल काहीच बोलले नव्हते. अब्बांनी चौतीस वर्षं टॅक्सी चालवली. शेवटची वीस वर्षं स्वतःची, 1999 ची प्रीमियर पद्मिनी. तरुण वाचकांना ती फक्त सिनेमात दिसली असेल. गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट बाकासारखी सलग, दारात तिकोनी काच, आणि लोखंडी मीटर बाहेर डाव्या अंगाला, ज्याची पाटी पाडली की खटकन् आवाज व्हायचा. ती इथेच जन्मली होती, आमच्या घरापासून रिक्षाने थोड्याच अंतरावर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात. 1964 मध्ये तिथे फियाटची 1100 डिलाइट बनू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं. कारखाना गेला, रस्त्याचं नाव मात्र प्रीमियर रोडच राहिलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. अब्बांची 2019 मध्येच संपली होती.

ती कशी संपली ते लिहायला आम्हाला जड जातं. कागदांवर सही अब्बांनीच केली होती, पण तारीख आम्ही ठरवली. ते गावी, रत्नागिरीकडे, पुतणीच्या निकाहला गेले असताना आम्ही दोघा भावांनी ती कुर्ल्याच्या भंगारवाल्याला दिली. गल्लीत जागा नव्हती, शेजाऱ्यांची कटकट होती, आणि खरं सांगायचं तर अब्बांच्या समोर ती टोइंगला लावायची हिंमत आमच्यात नव्हती. परत आल्यावर त्यांनी रिकामी जागा पाहिली, नळावर हातपाय धुतले आणि चहा मागितला. त्यानंतर या विषयावर आमच्या घरात एक शब्द झालेला नाही. सहा हजार आठशेचा हिशेब भाईजाननी एकदाही कमी करायला का सांगितला नाही, हे बेगमना ठाऊक नसेल, आम्हाला आहे.

तर गेल्या महिन्यात, डोळा बरा झाल्यावर, बेत पुन्हा निघाला. अब्बा पहिल्यांदाच बोलले. "खडी गाडी क्या देखना?" त्यांना खुलवावं म्हणून आम्ही वाचलेलं सांगितलं. एन्झो फेरारी अल्फा रोमिओ सोडून निघाले तेव्हा चार वर्षं स्वतःच्या नावाने गाडी काढायची नाही असा करार होता. म्हणून 1940 ची त्यांची पहिली गाडी फेरारी या नावाची नव्हतीच. तिला नुसतं 815 म्हणत. आठ सिलिंडर, दीड लिटर. आणि ते आठ सिलिंडरचं इंजिन उभं केलं होतं चार सिलिंडरच्या फियाट 1100 च्या भागांवर, जणू दोन इंजिनं एकामागे एक जोडावीत तसं. त्या फियाटचं इंजिन 1089 सीसी. पद्मिनीचंही 1089. युद्धानंतर चिसितालिया नावाची देखणी स्पोर्ट्स कार आली, तीही 1089 च्या फियाट इंजिनावर. ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात चित्रं-पुतळ्यांच्या शेजारी ठेवलेली आहे. पुढे 1969 मध्ये फियाटने फेरारीचा निम्मा हिस्साच घेतला.

आपल्या देशातल्या स्पोर्ट्स कारचंही सांगितलं: सॅन स्टॉर्म, दोन माणसांची उघडी, आणि 2012 मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत आलेली दिलीप छाब्रियांची अवंती. दोन्हींची इंजिनं रेनॉची. त्यात अब्बांना रस नव्हता. ते फियाटवरच अडकले होते.

"दोन फियाट मिळून एक फेरारी," ते म्हणाले.

"तसंच काहीतरी."

"आपल्या स्टँडवर चाळीस गाड्या होत्या. म्हणजे वीस फेरारी."

भाईजान हसले, आम्हीही हसलो. अब्बा बोटांवर काही मोजत राहिले. मग म्हणाले, "चाळीसमध्ये मी आपली धरली नाही. धरायची का?"

भाईजान मोबाइलमध्ये पाहू लागले. आम्हाला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, "अब्बा, त्या दिवशी तुम्हाला न विचारता..." त्यांनी हात हलवला, जसा ते भाडं नको असलं की खिडकीतून हलवायचे.

"जॅक आणि स्टेपनी काढून घेतली होती का?" त्यांनी विचारलं.

नव्हती घेतली.

"नवी होती स्टेपनी," ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

या दिवाळीत निघायचं ठरलं आहे. कठवाड्याला काही जुन्या गाड्यांतून फेरी मारू देतात असं जाऊन आलेले सांगतात, ते कळल्यापासून अब्बांचा "खडी गाडी" हा आक्षेप गेला आहे. तो मुलगा आता नववीत आहे. त्याच्या वालिदांची परवानगी मिळाली तर मागच्या सीटवर त्याची जागा आहे. अब्बांची अट एकच. फजरनंतर निघायचं आणि आधी प्रीमियर रोडवरून गाडी काढायची. भाईजान म्हणाले, कुर्ला उलट्या दिशेला, घोडबंदर कुठे आणि ते कुठे, शिवाय तिथे आता पाहण्यासारखं काय आहे? अब्बांनी उत्तर दिलं नाही. आम्ही वही उघडली आणि ठाण्याच्या वर, पहिल्या ओळीत, कुर्ला लिहिलं.