इस्फंदार 1357

2023 चा सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षं होत होती आणि हदगाव तालुक्यातल्या आमच्या गावात स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा फलक लागणार होता. सरपंच भावकीतलाच. म्हणाला, "काका, अण्णा कॅम्पात होते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण एखादा कागद बघा की."

आमच्याकडं त्या पिढीत नुसतं 'कॅम्प' म्हटलं की पुरे. 15 ऑगस्ट 1947 ला देश मोकळा झाला, निजाम मात्र भारतात यायला तयार नव्हता. मग पोरं पैनगंगा उतरून वऱ्हाडात गेली. नदीच्या या काठाला निजामाचं राज्य, त्या काठाला स्वतंत्र भारत, आणि तिथं उमरखेडला कॅम्प. रात्री नदी ओलांडून यायचं, शिंदीची झाडं तोडायची, करोडगिरीचे नाके पेटवायचे, उजाडायच्या आत परत. 30 जानेवारी 1948 ला उमरीची बँक लुटली ते पुस्तकांत आलं. एखाद्या आडगावचा नाका जळाला ते कशाला येतंय?

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्या पेटीत एक धाबळी, दाढीचं सामान आणि हाली सिक्क्याचा एक रुपया एवढंच निघालं होतं. 1972 ला पेन्शन सुरू झाली तेव्हा सोबत्यांनी फार आग्रह केला. अण्णा हसायचे. "पेन्शनीसाठी तुरुंगात जायचं राहून गेलं," म्हणायचे. मला तो विनोद वाटायचा. नियम वाचले तेव्हा कळलं, तो हिशेब होता. सहा महिने तुरुंगात काढले असतील तर तुरुंगाचा दाखला. भूमिगत असाल तर वॉरंट, फरारी असल्याचा जाहीरनामा, असलं काहीतरी. तेही नसेल तर दोन वर्षं तुरुंग भोगलेल्या नामांकित स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र, आणि सोबत सरकारचा आणखी एक दाखला: या प्रकरणी कागद उपलब्ध नाहीत. कागद नसल्याचाही कागद! निजामाच्या दप्तरात माणूस येतो तो पकडला गेला म्हणून. अण्णा कधीच सापडले नाहीत. ज्याचं काम फत्ते झालं त्याचं रेकॉर्ड कोण ठेवणार?

तरी हिंडलो. त्या दिवसांत मराठवाड्यात जो तो निजामकाळाचे कागद शोधत होता. कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली होती, आणि तहसिलीत मोडी नि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला होता. रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यांतले बस्ते सुटत होते. शेजारचा माणूस पणजोबाची जात शोधतोय, मी बापाचा गुन्हा. कारकून म्हणाला, "तुमचं सोपं दिसतंय की." सोपं कसलं! लातूरकडचा शोध तर तीन राज्यांत फिरवतो. लातूर जिल्हा झाला 1982 ला; त्याआधी लातूर उस्मानाबादेत, आणि 1948 ला उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. राजधानीचं दप्तर हैदराबादेत, तारनाक्याला.

लातूरला गेलो तो दप्तरासाठी नव्हे. अण्णांचे एक सोबती औसा तालुक्यातले. नांदेडला शिकायला होते, तिथून दोघं मिळून कॅम्पात गेलेले. ते पुढं एकदा सापडले, तुरुंग भोगला, म्हणून त्यांची फाईल झाली. त्यांच्या मुलानं पत्र्याची पेटी पुढं ओढली. झाकण मधोमध चेपलेलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात अख्खं माळवद तिच्यावर आलं होतं. आत पांढऱ्या मातीचा थर, आणि खाली पेन्शनीचे कागद. त्यात दोन पानं उर्दूतली. "ही तुमच्या वडलांची दिसतात. बाबांसाठी साक्ष लिहून दिली होती, तिचा हा कच्चा मसुदा. टाईप केलेली प्रत कचेरीत गेली."

अण्णांची शाळा उर्दूत झाली, हे मला माहीत होतं. पण मनातलं कागदावर उतरवायचं तर ते आधी उर्दूत उतरायचं, हे साठी उलटल्यावर त्या दिवशी कळलं. बापाचं अक्षर हातात, आणि मला अलिफसुद्धा येत नाही.

नांदेडला देगलूर नाक्यावर एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. त्यांनी चष्मा पुसला, पान उजेडाकडं धरलं आणि मोठ्यानं मराठी करत गेले. निजामाचा नाका पेटवल्याची हकिगत ते अगदी संथपणे, हाताखालच्या पोराचा निबंध तपासावा तशी वाचत होते. रॉकेलचा डबा सोबत्याच्या हातात होता. काडी ओढली ती मी. तीन काड्या वाया गेल्या, दव पडलं होतं.

"तीन काड्या," सर पुन्हा म्हणाले. मग चहा आला. चहा पिताना त्यांनी सहज सांगितलं, पोलीस ॲक्शननंतर त्यांचे आजोबा बाजारला गेले ते परत आले नाहीत. "आमच्याकडे तर मसुदापण नाही बघा." त्या वेळच्या हिंसाचाराच्या चौकशीला नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वांत वाईट हाल झालेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, बीदर आणि नांदेड होते, चौथा गुलबर्गा. आमचेच सगळे. तो अहवाल कित्येक वर्षं बंद राहिला. मी काही बोललो नाही. काय बोलणार?

दुसऱ्या पानाच्या शेवटी सर अडखळले. "इथं खोडलंय. इस्फंदार 1357 लिहिलं, त्यावर रेघ मारली, आणि बाजूला मराठीत काहीतरी आहे. ते तुम्हीच वाचा."

निजामाच्या फसली सनातला इस्फंदार म्हणजे आपला जानेवारी, आणि 1357 चा इस्फंदार म्हणजे 1948 चा जानेवारी. कचेरीत इस्फंदार कोणाला कळणार, असं वाटलं असावं. बाजूला बारीक देवनागरीत लिहिलं होतं, 'जानेवारि'. ऱ्हस्व. वाण्याच्या यादीत ते जन्मभर 'ज्वारि' लिहीत आले, आणि मी दर महिन्याला ती दुरुस्त करत आलो.

"फोटो काढून घ्या," सर म्हणाले. "घडीवर फाटायला लागलंय."